भरल्या ट्रॉलीचा उतार आणि तापलेले ब्रेक



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. पण ऊस गव्हाणीत पडेपर्यंत आपले काम पुरे होत नाही. फड ते गव्हाण या वाटेत एखादा लांब उतार लागतोच, आणि भरल्या ट्रॉलीवर पुष्कळदा तोडणी टोळीतल्या बायाबापड्या नि पोरे बसलेली असतात. म्हणून हा विषय एकट्या ड्रायव्हरवर सोडून चालणार नाही.

अपघात झाला की आपण म्हणतो, "ब्रेक फेल झाला." बऱ्याच वेळा ब्रेक मोडलेला नसतो, तो तापलेला असतो. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. गाडीचा वेग कुठे नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होऊन ती लायनरमध्ये आणि ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये शिरते. प्रमाणाबाहेर तापलेले लायनर नीट धरत नाही, मग पाय कितीही जोराने दाबा.

थोडा हिशेब करू. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी सपाटीवर एकदा थांबवली, तर जेवढी उष्णता होते तेवढ्यात साधारण एक लिटर थंड पाण्याला उकळी येईल. वेग ४० केला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आता हीच गाडी ५० मीटर उंचीचा उतार उतरत असेल आणि सारा भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारे २९ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता होते! सपाटीवर तिसाहून अधिक वेळा गाडी थांबवावी, तेवढा मार ब्रेकला त्या एका उतारात बसतो.

त्यात ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच. मग मागचा ऊस ट्रॅक्टरला ढकलत राहतो. ट्रॅक्टर जरा वाकडा असला की ट्रॉली त्याला आडवा घालते.

यावर उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे गिअर. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी आवरून धरते आणि ब्रेकचा भार हलका होतो. पण डिझेल वाचवायच्या नादात काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालट्रकने कितीतरी गाड्या ठोकरल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असे प्राथमिक तपासात पुढे आले. वाचले असेल ते लिटरभर डिझेल!

तेव्हा एवढे कटाक्षाने पाळावे :

१. गिअर उतार सुरू होण्याआधी बदलावा. ज्या गिअरने तो चढ चढावा लागेल, त्याच किंवा त्याखालच्या गिअरने उतरावे. अध्या उतारात गिअर बदलू नये. क्लच दाबून ठेवू नये, क्लच दाबला की न्यूट्रलच झाले.

२. ब्रेकवर सतत पाय ठेवून बसू नये. वेग वाढला की ठाम दाबून कमी करावा आणि पाय काढावा.

३. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले पट्टीने जोडलेली असावीत. वेगवेगळी पेडले शेतात वळण्यापुरती. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाईल.

४. जळका वास, धूर, पेडल खोल जाणे, यांपैकी काही दिसले की वेळीच कडेला थांबावे. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. निघताना ठोकळा-दगड रस्त्यावर टाकून जाऊ नये, मागून मोटारसायकलवाला येत असतो.

५. उसावर माणूस बसवू नये. टोळीची ने-आण वेगळ्या गाडीने करण्याचे मुकादमाशी आधीच ठरवावे.

काही सभासदांच्या दारी आता बॅटरीवरच्या मालवाहू दुचाकी आणि तीनचाकी आल्या आहेत. दुधाचे कॅन, वाढे, खताची पोती यांना त्या सोयीच्या. अशा पुष्कळ गाड्यांत उतारावर मोटारच वीज तयार करते आणि गाडी आवरते. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते. मग मोटारीची ओढ कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्यांचे घर चढावर आहे, त्यांनी सकाळी भरल्या बॅटरीने आणि भरल्या कॅनने उतरताना हे ध्यानात ठेवावे. वेग पहिल्यापासूनच कमी असू द्यावा. उतरल्यावर डिस्कला हात लावू नये, भाजेल.

हंगामाचा करार करण्यापूर्वी लायनर, पेडलांची पट्टी, ट्रॉलीची पिन आणि मागचे रिफ्लेक्टर मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. लायनरचा खर्च पुढच्या एका-दोन खेपांत निघेल. खेप अर्धा तास उशिरा आली तरी ऊस वजन होऊन गव्हाणीत पडतोच. माणूस मात्र घरी परत आला पाहिजे.

आपला,
ऊस विकास अधिकारी