उराकामीची परतलेली माणसं

वसईच्या गोन्सालो गार्सियाची कथा वाचकांना ठाऊक असेल. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलेल्या २६ जणांपैकी तो एक. १८६२ मध्ये तो संत झाला. मला मात्र कैक वर्षं भुरळ घातली आहे ती त्याच्या मृत्यूनंतर जगलेल्या माणसांनी. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर आलेल्या १६१४ च्या देशव्यापी बंदीनंतर धर्मगुरू मारले गेले, हाकलले गेले. मग धर्म टिकवला कोणी?

शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी. नागासाकीजवळच्या उराकामीत एक जण सणांचं पंचांग सांभाळी, एक जण मुलांना स्नानसंस्कार देई, एक जण घरोघर निरोप पोचवी. आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला दर वर्षी गावप्रमुखाच्या घरी जाऊन ख्रिस्ताच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. ते पाय ठेवत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापांची क्षमा द्यायला धर्मगुरूच उरला नव्हता.

१८६५ मध्ये नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी ओउरा चर्च झालं, तेही त्याच २६ हुतात्म्यांच्या नावाने. १७ मार्चला उराकामीची काही माणसं तिथे आली. तुमची श्रद्धा तीच आमची, असं एका बाईने तिथले धर्मगुरू फादर पतिजाँ यांना हळूच सांगितलं आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे, म्हणून विचारलं.

दोन वर्षांत उराकामीकरांनी सक्तीचे बौद्ध अंत्यविधी उघडपणे नाकारले. जुलै १८६७ मध्ये धरपकड झाली. छळाखाली एकामागून एक सगळे कैदी डगमगले, त्यांनी धर्म सोडल्याचं कबूल केलं. ताकागी सेनएमोन हा एकटा शेतकरी हटला नाही. त्याच्या आठवणी नोंदलेल्या आहेत, आणि त्या वाचताना त्याच्यापुढे मान झुकतेच.

पण माझं मन अधिक रेंगाळतं ते त्याच्या सोबत्यांपाशी. सुटून गावी परतल्यावर त्यांना घरात सुख लागेना. त्यांनी जाऊन सांगितलं, आमची कबुली आम्ही मागे घेतो. या वाक्याची किंमत काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं; तुरुंग ते नुकतेच भोगून आले होते.

ती किंमत नव्या मेइजी सरकारने वसूल केली. १८६८ पासून उराकामीचे सुमारे ३,४०० ख्रिस्ती दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाले. त्सुवानो या हद्दपारीच्या ठिकाणी सेनएमोनला ऐन हिवाळ्यात बर्फाळ तळ्यात ढकललं गेलं. परदेशांतून दबाव वाढला आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तोवर ६०० हून अधिक माणसं हद्दपारीत दगावली होती.

परतलेल्यांनी गावप्रमुखाच्या वाड्याची जागाच विकत घेतली. जिथे त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागला, तिथे १८९५ मध्ये चर्चचं काम सुरू झालं आणि १९१४ मध्ये ते पुरं झालं. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते जमीनदोस्त झालं. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मेले. १९५९ मध्ये उरलेल्यांनी ते पुन्हा उभारलं.

श्रद्धेचा इतिहास आपण हुतात्म्यांच्या यादीवरून लिहितो. तो अपुरा आहे. उराकामीत अडीचशे वर्षं श्रद्धा जगवली ती प्रतिमेवर पाय ठेवून घरी रडलेल्यांनी, आणि एकदा हरून स्वतःच्या पायांनी पुन्हा छळाकडे चालत गेलेल्यांनी. चिकाटीचा मान मी आधी त्यांना देईन.