पेटी लिटरची, भार किलोचा

हदगावच्या बाजारपेठेला दुचाकीवर सामान वाहून नेणे नवे नाही. बजाज चेतकच्या डिकीत हिशेबाच्या वह्या, पायापाशी उभे केलेले साखरेचे पोते आणि हँडलला अडकवलेली कापडी पिशवी हे दृश्य एका पिढीने रोज पाहिले. मोटारसायकल आली तेव्हा मागच्या कॅरियरवर रबरी दोरीने गठ्ठे आवळले जाऊ लागले. आज त्याच घरांतील मुले लांब पल्ल्याच्या दमदार मोटारसायकली घेतात आणि सुटीच्या दिवशी पत्नीला किंवा आईला मागे बसवून प्रवासाला निघतात. एका बाजूस वारंगाफाटा, अर्धापूरमार्गे नांदेड, तर दुसऱ्या बाजूस पैनगंगा ओलांडली की उमरखेड आणि पुढे थेट नागपूरचा महामार्ग, अशा ठिकाणी हे गाव वसलेले असल्याने प्रवासाचा मोह होणे स्वाभाविकच आहे.

अशा गाडीवर पहिली खरेदी होते ती मागच्या पेटीची. बाजारात तिला टॉप बॉक्स म्हणतात. पेटी दिसते साधी; परंतु ती मागच्या चाकाच्याही मागे आणि बऱ्याच उंचीवर बसते. तिची निवड चुकली, तर तोल जातो तो गाडीचा, आणि त्याची किंमत बहुधा मागे बसलेल्या व्यक्तीला मोजावी लागते. म्हणून रंग आणि सवलत पाहण्यापूर्वी चार गोष्टींचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

आधी यादी, मग पेटी

पेटीचे माप लिटरमध्ये सांगितले जाते. सुमारे तीस लिटरच्या पेटीत पूर्ण चेहरा झाकणारे एक हेल्मेट मावते; दोन हेल्मेटसाठी पंचेचाळीस लिटरच्या आसपासची पेटी लागते. त्याहून मोठ्या पेट्याही मिळतात. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. त्यामुळे जोडीने प्रवास करणाऱ्यांना मंदिरात किंवा पेढीवर उतरल्यावर दोन हेल्मेट ठेवण्याची सोय हवीच असते. मोठ्या पेटीची ही गरज खरी आहे, कारण हेल्मेट जागा पुष्कळ व्यापते, पण वजनाने हलके असते.

बाकीच्या सामानाचे तसे नाही. उदाहरणार्थ, हदगावहून वारंगाफाटा, कळमनुरी, हिंगोली, वाशीम, मालेगाव या मार्गाने शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ दर्शनाला निघालेले जोडपे घ्या. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असल्याने वाटेतल्या ढाब्यावर विसंबून चालत नाही. स्टीलचे डबे, उकळलेले पाणी, पूजेचे वस्त्र, एक जादा पोशाख, पावसाळी कोट, औषधे आणि पंक्चर काढण्याचे साहित्य एवढे तरी बरोबर लागते. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. अशा चार बाटल्या आणि भरलेले डबे मिळून सात-आठ किलो सहज होतात. घरातल्या वजनकाट्यावर हे सामान एकदा ठेवून पाहिले, तर पेटीची निवड निम्मी पूर्ण होते.

किलोचा ताळेबंद

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत तिचे स्वतःचे वजन आणि भारासह कमाल अनुज्ञेय वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीची खरी पत. समजा, हा फरक १७० किलो आहे. चालक ७८ किलो, मागची व्यक्ती ६२ किलो. दोघांची हेल्मेट, जाकिटे आणि बूट मिळून १० किलो. एकूण १५० किलो झाले. उरले २० किलो. पंचेचाळीस लिटरची रिकामी पेटी, तिची बैठक आणि खालची लोखंडी चौकट यांचेच सहा-सात किलो होतात. म्हणजे प्रत्यक्ष सामानासाठी उरले तेरा-चौदा किलो, आणि तेही सगळे पेटीत भरता येत नाहीत.

कारण पेटीला स्वतःची मर्यादा असते. ती बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा पुस्तिकेत छापलेली असते. लहान पेट्यांना ती अवघी तीन किलोंची असू शकते. मोठ्या, भक्कम पेट्यांनाही पुष्कळदा दहा किलोंच्या आसपासच असते. कॅरियरची मर्यादा निराळी, आणि ती पाच-सात किलोच असली तर पेटीवर छापलेल्या दहा किलोंना काही अर्थ उरत नाही. तीन आकड्यांपैकी जो सर्वांत लहान, तोच पाळावयाचा. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

थोडक्यात, पेटी विकली जाते लिटरने, पण गाडी ती वाहते किलोने. साठ लिटरची पेटी घेतली की ती भरण्याचा मोह आवरत नाही. रिकाम्या कपाटाचे जे होते तेच रिकाम्या पेटीचे होते. गरजेपुरतीच वस्तू जवळ ठेवण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांनी तो गाडीच्या मागेही पाळावा.

तरफेचा नियम

दहा किलो वजन टाकीवर ठेवले आणि तेच मागच्या पेटीत ठेवले, तर परिणाम सारखा होत नाही. दोन चाकांच्या आसांतील अंतर १४० सेंटिमीटर आणि पेटीचा मध्य मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर मागे आहे असे धरा. दहा किलोंचा भार तेथे ठेवला की मागच्या चाकावर सुमारे ११.४ किलो पडतात आणि पुढचे चाक १.४ किलोने हलके होते. पेटी आणखी मागे सरकून हे अंतर ३५ सेंटिमीटर झाले, तर पुढचे चाक अडीच किलोने हलके होते. तेच सामान दोन बाजूंच्या पिशव्यांत, आसाच्या किंचित पुढे आणि खाली ठेवले, तर पुढच्या चाकावर उलट थोडा भार वाढतो.

पुढचे चाक हलके झाले की हँडल सैल वाटू लागते. उंचावरच्या भारामुळे वळणावर गाडी आडवी होताना आणि पुन्हा उभी होताना रेंगाळते. महामार्गावर शेजारून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत उंच पेटीला ढकलतो आणि गाडी डुलू लागते. अशा वेळी जोराने ब्रेक न दाबता, हँडल आवळून न धरता हळूहळू वेग कमी करणे सुरक्षित असते. पेटी लावलेल्या गाडीसाठी निर्माते वेगमर्यादाही सुचवतात. ती वाचावी आणि पाळावी.

यातून सामान लावण्याचा साधा क्रम निघतो. पाणी, हत्यारे, डबे यांसारख्या जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे बाजूच्या पिशव्यांत किंवा टाकीवरच्या पिशवीत; हेल्मेट, कोट, कपडे मागच्या पेटीत. पेटीतही जे त्यातल्या त्यात जड, ते तळाशी आणि आसनाच्या बाजूला ठेवावे. मोकळी जागा कपड्यांनी भरून काढावी, म्हणजे आतले सामान आदळत नाही.

प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम की कापड?

मोटारसायकलच्या पेट्यांच्या व्यवसायात ज्यांचे नाव जगभर झाले, त्यांत इटलीतील गिवी ही कंपनी आहे. ज्युसेप्पे व्हिसेन्झी यांनी ती १९७८ मध्ये स्थापन केली. ते स्वतः शर्यतपटू होते. १९६९ च्या जागतिक स्पर्धेत ३५० सीसी गटात त्यांनी तिसरे स्थान मिळवले होते. स्पेनमधील शाद हेही या क्षेत्रातील परिचित नाव आहे. भारतीय बाजारात आता देशी-विदेशी अनेक पर्याय उपलब्ध आहेत. नावापेक्षा साहित्याकडे लक्ष द्यावे.

चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकची पेटी वजनाने हलकी असते, धक्का बसला तर थोडी लवते आणि किमतीने तुलनेने परवडते. हलक्या प्लास्टिकला मात्र मराठवाड्यातील उन्हाळा मानवत नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यावर ते पांढुरके पडते आणि बिजागरीपाशी तडकते. अ‍ॅल्युमिनियमची पेटी देखणी आणि टिकाऊ असते. पोचा पडला तर तो ठोकून काढता येतो. परंतु तिचे कोपरे टणक असतात आणि किंमत बरीच जास्त असते. कापडी पिशवी सर्वांत हलकी. ती जलरोधक मिळते, पण तिला कुलूप नसल्यासारखेच असते आणि हेल्मेट तीत नीट राहत नाही. काही पिशव्यांना चामड्याचे पट्टे असतात. चामडे वर्ज्य असणाऱ्या घरांनी तेवढे विचारून घ्यावे. नायलॉनच्या पट्ट्यांची पिशवी सहज मिळते.

झाकणाभोवतीची रबरी पट्टी अखंड आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. श्रावणातल्या झडीइतकीच काळ्या मातीची बारीक धूळही आत शिरते. तरीही कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणेच उत्तम. उन्हात उभ्या गाडीची काळी पेटी आतून चांगलीच तापते. औषधे, सुगंधी फवारे आणि सुटी बॅटरी तीत ठेवू नयेत.

बैठक आणि मागची व्यक्ती

पेटी जितकी महत्त्वाची, तितकीच तिच्याखालची बैठक. प्रत्येक पद्धतीची बैठक निराळी असते. एका कंपनीची पेटी दुसरीच्या बैठकीवर बसेलच असे नाही. गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी केलेली चौकट घ्यावी. स्थानिक कारागिराकडून कॅरियर बनवून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते भक्कम असू शकते, परंतु त्यासाठी गाडीची मूळ चौकट कापणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे. वेल्डिंगच्या सांध्यावर गंजाची बारीक रेघ दिसली, तर ती भेग असण्याचा संभव असतो.

काही चौकटी बसवताना मागच्या व्यक्तीची धरावयाची कडी काढावी लागते. हा सौदा करू नये. दुचाकीला हाताची पकड, पायटेकणी आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांना अपेक्षित आहे. पेटी हा त्यांना पर्याय नव्हे. पेटीला लावलेल्या गादीमुळे पाठीला विसावा मिळतो, हे खरे. पण तिच्यावर पूर्ण भार टाकून रेलणे योग्य नाही. खरेदीपूर्वी मागे बसणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून पाहावे. पेटी फार पुढे असेल तर ती व्यक्ती चालकाच्या पाठीवर ढकलली जाते. फार मागे असेल तर तरफेचा नियम आड येतो. पाय मागून टाकून गाडीवर बसण्याची सवय असलेल्या चालकालाही पेटी अडते, हे ज्येष्ठांनी ध्यानात घ्यावे. मागचा दिवा आणि क्रमांकाची पाटी झाकली जात नाही ना, हेही पाहावे.

पेटी म्हणजे तिजोरी नव्हे

व्यापारी कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी. बँकेतून काढलेली रक्कम गाडीच्या डिकीत ठेवली, मालक पाच मिनिटे दुकानात शिरला आणि परत आला तेव्हा डिकी फोडलेली होती, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत वारंवार येते. टॉप बॉक्सचे कुलूप पेटी उघडू नये म्हणून असते. निर्धाराने आलेल्या चोराला ते फार वेळ रोखू शकत नाही. शिवाय कित्येक पेट्या सबंध काढून नेता येतात, आणि हीच त्यांची सोय चोरालाही उपयोगी पडते.

विमा आहे, या भरवशावरही राहू नये. दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत सर्वसाधारणपणे अशी अट असते की, गाडी चोरीला न जाता केवळ जोडलेले साहित्य चोरीला गेले, तर भरपाई मिळत नाही. पेटीतील रोकड, दागिने किंवा माल हा तर वाहनविम्याचा विषयच नव्हे. नंतर बसवलेल्या पेटीची नोंद विमापत्रात करून घ्यावी आणि आपल्या पॉलिसीतील अटी एकदा वाचाव्यात.

उपाय सोपा आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध आहे. नांदेडच्या व्यापाऱ्याला द्यावयाची रक्कम पेटीत घालून नेण्याचे कारण आता फारसे उरलेले नाही. जे जोखमीचे, ते अंगावर. आणि जे अंगावर नेता येत नाही, ते बँकेमार्फत, एवढा दंडक घरात असावा.

निघण्यापूर्वी

पेटी बसवल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पुढे प्रत्येक मोठ्या प्रवासापूर्वी तपासावेत. मागच्या टायरची हवा आणि मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भारानुसार ठेवावेत. मागचा भाग खाली दबला की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तो खाली करून घ्यावा. किल्लीचा क्रमांक घरी लिहून ठेवावा आणि जादा किल्ली पेटीत न ठेवता खिशात ठेवावी. बसवलेली पेटी हाताने वर, खाली आणि आडवी ओढून पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

नंतर सगळे सामान भरून, मागच्या व्यक्तीला बसवून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटरची एक फेरी मारावी. ब्रेक, वळण आणि गतिरोधक या तिन्हींवर गाडी कशी वागते, ते कळते. मागच्या व्यक्तीला काय वाटले, तेही विचारावे. तिचे उत्तर ऐकूनच पेटीतील एखादी वस्तू घरी ठेवण्याचा निर्णय व्हावा. घराचा हिशेब पाहणाऱ्यांना हे सहज उमगेल: पेटी किती मोठी घेतली यापेक्षा तीत काय ठेवले नाही, यावर सुखरूप परतणे अधिक अवलंबून असते.