पागेचे शहर आणि मळ्यातले यंत्र

1985 च्या नोव्हेंबरात तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचे उद्घाटन झाले, आणि ज्या शिवारात पूर्वी पेरणी-कापणीवर वर्ष मोजले जाई, तेथे तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजला जाऊ लागला. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 1885 च्या नोव्हेंबरातच, जर्मनीतील नेकार नदीच्या काठाने कानश्टाट ते उंटरट्युर्कहाइम हा सुमारे तीन किलोमीटरचा पल्ला इंजिन जोडलेल्या एका लाकडी दुचाकीने कापला होता. जगातील पहिली मोटारसायकल म्हणून इतिहासाने जिची दखल घेतली ती हीच. कानश्टाट आणि उंटरट्युर्कहाइम आज स्टुटगार्ट शहराच्या हद्दीत मोडतात. आणि दुचाकीच्या जिवावर पोसलेल्या वाळूजच्या माणसाने त्या शहरात पाऊल ठेवावे, हे एका अर्थी आजोळी जाण्यासारखेच होय.

स्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी. कुशल कामगार पाठविण्याबाबत महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये याच राज्याशी करार केल्यापासून हे अवघड नाव आमच्या बजाजनगरच्या चहाच्या टपरीवरही उच्चारले जाऊ लागले आहे. मुंबईशी तर या शहराचे भगिनीनाते 1968 पासूनचे. माझा भाचा नोकरीनिमित्त तेथे राहतो. त्याच्या बिऱ्हाडी काही आठवडे काढण्याचा योग आला, तेव्हा पहिला धडा मिळाला तो शहराच्या नावाचा. दहाव्या शतकाच्या मध्यास येथे घोड्यांची पैदास करण्यासाठी घोड्यांचे कुरण राखले गेले, आणि त्या कुरणाच्या जर्मन नावावरूनच शहराचे नाव पडले. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचे तर हे पागेचे गाव. नगराच्या राजचिन्हावर सोनेरी पार्श्वभूमीवर उसळलेला काळा घोडा आजही आहे. पुढे अश्वशक्तीचे माप ज्या यंत्रांना लागले, ती यंत्रे घडविण्याची कीर्ती याच गावाच्या वाट्याला यावी, हा दैवाचा विनोदच म्हणावा.

ती पहिली दुचाकी जेथे जन्मली ते स्थळ कानश्टाटच्या आरोग्योद्यानाजवळ जतन करून ठेवले आहे. गोटलीब डाइमलर याने आपल्या बागेतील काचघराला जोड देऊन तेथेच कर्मशाळा थाटली, आणि विल्हेल्म मायबाख याच्यासह तो दारे लावून काम करू लागला. रात्रंदिवस आतून येणाऱ्या ठोकाठोकीने साशंक झालेल्या माळ्याने, येथे खोटी नाणी पाडली जात असावीत, अशी वर्दी पोलिसांना दिली. पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा इंजिनांखेरीज काहीच हाती लागले नाही, अशी हकीकत सांगतात. ते इंजिन 264 घनसेंटिमीटरचे, शक्ती अवघी अर्ध्या अश्वाची, वेग ताशी सुमारे बारा किलोमीटर. आणि गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना, चालायला शिकणाऱ्या मुलाच्या पांगुळगाड्यासारखी, दोन लहान चाके. मूळ गाडी 1903 च्या आगीत भस्मसात झाली, त्यामुळे पाहुण्यांना दाखवितात ती प्रतिकृती. बागघर मात्र अस्सल आहे.

मला मात्र गाडीपेक्षा मळ्यांनीच अधिक खिळवून ठेवले. उंटरट्युर्कहाइमला मर्सिडीजचा अवाढव्य कारखाना नेकारच्या काठी पसरला आहे, आणि त्याच्या माथ्यावरची टेकडी द्राक्षवेलींनी झाकलेली आहे. जालन्याजवळच्या कडवंचीतील सपाट जमिनीवरचे मांडव पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना, दगडी बांधांनी पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेला हा उभा मळा अपूर्व वाटला. शहराच्या हद्दीत अशा द्राक्षमळ्यांखाली चारशेहून अधिक हेक्टर जमीन आहे, आणि खुद्द नगरपालिकेचेही द्राक्षमळे आहेत. शहरभर चढत-उतरत जाणारे चारशेहून अधिक जिने, ज्यांना स्थानिक लोक लाडाने 'श्टॅफेले' म्हणतात, तेही मुळात मळेकऱ्यांच्याच वाटा.

हे मळे केवळ हौसेपोटी राखले आहेत, असे समजण्याचे कारण नाही. शहराचा मध्यभाग टेकड्यांच्या खळग्यात वसलेला आहे. लोक त्यास 'केसेल', म्हणजे हंडा, म्हणतात. वारा कमी आणि मोटारी उदंड, त्यामुळे धूर तेथेच कोंडतो, आणि म्हणूनच 2019 मध्ये जुन्या डिझेल गाड्यांना मोटारींच्या या माहेरातच मज्जाव करावा लागला. नगरपालिकेने 1938 सालीच हवामानाचा अभ्यासक पदरी ठेवला, आणि रात्रीचा थंड वारा ज्या उतारांवरून खाली येतो ते मोकळे राहावेत, याची दक्षता नगररचनेत घेतली जाऊ लागली. वाऱ्याचे मोल कोंडलेल्यालाच कळते. मोकळ्या पठारावर बसलेल्या आम्हां वाळूजकरांना ते हिशेबात धरावेसे कधी वाटलेच नाही.

जमिनीविषयीची हीच आस्था घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेली दिसते. एका सोमवारी भाच्याच्या दारावर दोरीने अडकविलेली लहानशी पाटी दिसली: त्या आठवड्यात जिना आणि अंगणापुढची फरसबंदी झाडण्याची पाळी त्याची. 'केरवोखे' नावाच्या या प्रथेचे मूळ 1492 च्या नगरकायद्यात सांगतात. प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्यास गावाबाहेर न्यावा, असा तो दंडक. नगरपालिकेची सक्ती 1988 मध्ये उठली, तरी भाडेकरारांतून पाळी चालूच आहे. "मामा, आपल्या सोसायटीत अशी पाटी लावली तर दुसऱ्या दिवशी पाटीच गायब होईल," भाचा हसत म्हणाला. शनिवारी त्याने तिसऱ्या मजल्यापासून खाली झाडत आणले, पाटी शेजारच्या आजीबाईंच्या दाराला लावली, आणि आजीबाईंनी दार उघडून आधी पायरीचा कोपरा निरखला, मगच मान डोलावली.

परतल्यावर कारखान्यांच्या रस्त्याने घरी येत होतो. आषाढी जवळ आली होती. आमच्या छोट्या पंढरपुराकडे निघालेल्या दिंड्यांना मालमोटारी थांबून वाट देत होत्या. स्टुटगार्टकडे गाडीची प्रतिकृती आहे आणि मळा अस्सल. आमच्याकडे गाडी अस्सल आहे, मळ्याची मात्र प्रतिकृतीही उरलेली नाही, असे मनाशी म्हणत होतो, तोच एका भूखंडाच्या तारेच्या कुंपणाआड जुन्या विहिरीचे थारोळे दिसले. मोटेचे पाणी जेथे आदळे तो दगड झिजून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर पहिल्या पाळीहून सुटलेला एक कामगार डबा उघडून बसला होता.