बेणेमळ्यात जाताना खिशातला चाकू

उसाच्या प्लॉटमध्ये शिरताना खिशात काय असावं असं कुणी विचारलं, तर आम्ही मोजणीच्या टेपच्याही आधी चाकूचं नाव घेऊ. कोयता आपल्याकडे घरोघरी आहे, गाडीच्या जुन्या पाट्यापासून लोहारानं घडवलेला, एका घावात ऊस आडवा करणारा. पण ऊस तोडणं वेगळं आणि ऊस उघडून आत बघणं वेगळं. बघायला पातळ, धारदार पातंच लागतं. बेणं घेताना बहुतेक सभासद बाहेरून डोळा बघतात, जाडी बघतात, हिरवा शेंडा बघतात आणि भाव ठरवून मोकळे होतात. आत काय आहे ते मग खोडव्यात कळतं.

आम्ही हे का म्हणतो ते सांगतो. खोडव्याची वाढ खुंटवणारा एक रोग आहे, शेतकी खात्यात त्याला आर. एस. डी. म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास तो प्रथम ध्यानात आला. काणी रोगात शेंड्याला काळा चाबूक येतो, गवताळ वाढीत बेट गवतासारखं पांढुरकं होतं, म्हणजे दोन्ही रोग बांधावरून ओळखता येतात. हा मात्र बाहेरून काहीच दाखवत नाही. ऊस जरा बारीक राहतो, पेरं आखूड पडतात आणि खोडवा अंगच धरत नाही. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, नाहीतर खत लागू झालं नाही. मग तो युरियाचं एक पोतं आणखी टाकतो!

पक्क्या उसाची बुडाजवळची गाठ धारदार चाकूनं उभी, पातळ चकत्यांत तासून बघावी. रोग असेल तर गाठीच्या आत नारिंगी-तांबूस ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा दिसू शकतात. हा रंग लगेच फिका पडतो, म्हणून ताज्या कापावरच नजर टाकावी. बोथट चाकूनं गाठ चेंगरते, रस पसरतो, काहीच दिसत नाही. आणि ठिपके दिसले नाहीत म्हणून बेणं निरोगी, असं मात्र समजू नका. खात्री प्रयोगशाळेतच होते. ठिपके म्हणजे फक्त इशारा.

आता खरी गोम. हा रोग पसरतो तो रसातून, आणि रस एका उसातून दुसऱ्यात नेतो कोयता नाहीतर चाकू. म्हणजे ज्या पात्यानं रोग बघितला, तेच पातं रोगाची बैलगाडी होतं. मूलभूत बेण्यावर उष्ण बाष्पाची ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास प्रक्रिया करायची, खर्च करून मळा उभा करायचा, आणि शेवटी शेजारच्या खोडव्यात वापरलेल्या पात्यानं त्याच्याच टिपऱ्या तोडायच्या, असले प्रकार आम्ही पाहिले आहेत. म्हणून एक प्लॉट संपला की पातं आधी पाण्यानं धुवून चिकट रस काढायचा, कारण रसाच्या थराखाली औषध पोचत नाही. मग ते स्पिरिटमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. उकळतं पाणीही चालतं. फक्त पातं चुलीत लाल करू नका. जंतू मरतील, पण पात्याचं पाणीही उतरेल, मग तो चाकू लोणी कापण्यापुरताच.

चाकू घेताना काय बघावं? अडीच ते तीन इंच पातं पुरे. जत्रेत मिळणाऱ्या रामपुरी थाटाच्या लांब चाकूत रुबाब फार, पण गाठ तासताना तो हातात डुलतो. चाकू पूर्ण उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. हललं तर खिळा सैल आहे, परत ठेवा. उसाची साल कठीण, जोर लावताना पातं मिटलं तर बोटावरच येणार, म्हणून उघडल्यावर अडकणारा, खटक्याचा चाकू उत्तम. पोटात दहा हत्यारं असलेला चाकू प्रवासाला छान. स्वित्झर्लंडमध्ये १८९७ साली तसल्या अधिकारी-चाकूची नोंदणी झाली, आणि त्याचं कौतुक आम्हालाही आहे. पण त्या फटींत उसाचा रस गेला की साफ करता करता संध्याकाळ होते. बेणेमळ्यात एक पातं, साधी मूठ. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, “बघा साहेब, अस्सल पोलाद.” चाकूचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं, तेव्हा त्या खेळाला भुलू नये. साधं पोलाद लवकर धरेला येतं पण गंजतं, स्टेनलेस गंजाला दमानं घेतं पण धार लावायला वेळ खातं. ज्याला रोज पुसायचा आळस आहे त्यानं स्टेनलेसच घ्यावं.

उसाचा रस आंबट गुणाचा असतो. साध्या पोलादावर तो रात्रभर राहिला तर सकाळी तांबडा गंज ठरलेला. करडा-काळसर डाग पडले तर घाबरू नका, तो गंज नव्हे. कोरड्या फडक्यानं पुसून सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. घरचं करडईचं तेल घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि त्यात माती धरते.

धारेसाठी सपाट दगड पाण्यानं ओला करा. पाऊण इंच रुंदीचं पातं असेल तर पाठ दगडापासून सुमारे पाव इंच उचला आणि तोच कोन शेवटपर्यंत धरा. एका बाजूनं घासता घासता दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरबरीतपणा लागला, की बाजू बदला. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा-बारा वेळा ओढा. सायकलवर सहाण फिरवणाऱ्याकडं द्यायचं झालं तर समोर उभं राहा. ठिणग्या उडून पातं निळं पडायला लागलं की थांबवा, तिथलं पाणी गेलं. टोकानं खिळे उचकटणं, डबे उघडणं हे धंदे या चाकूचे नव्हेत. बेणेप्रक्रियेच्या औषधाला लागलेला चाकू घरात कांद्याला तर मुळीच वापरू नका.

मुठीला भोक असेल तर त्यात लाल दोरी बांधा. पाचटात पडलेला चाकू सापडत नाही. आणि बेण्यात ठिपके दिसले, तर त्याच पात्यानं पुढचं बेट उघडण्याआधी ते धुवा, सरीला खूण करा आणि गट कार्यालयात कळवा. बेणं तोडणीच्या आदल्या दिवशी कळवलंत तरी आमचा माणूस येईल. तोडल्यावर कळवलंत, तर बघायला फक्त पाचट उरतं.