जुहूची सुकती

जुहू कोळीवाड्याच्या अंगाचे खडक आता पुरते उघडे पडले आहेत. डोक्यावरून विमान घरघरत जातं, पण आमच्या अंधेरीच्या सोसायटीतल्या मुलांपैकी एकही मान वर करत नाही. सगळी एका डबक्याभोवती उकिडवी बसली आहेत.

"शंख चालतोय!" भाची ओरडते.

शंखातून मिशा बाहेर येतात, मग पाय, आणि खेकडा आपलं ओझं ओढत निघतो. शेजारी एक कोळीण दगडावरची कालवं फोडते आहे.

"मावशी, हा शंख त्याचाच?"

"नाय गो. आतला जीव मेला, मंग ह्यो घुसला. मोठा झाला का दुसरा शोधंल. आन् त्या हिरव्या शेवाळावर पाय नको ठेवू, सटकशील."

मावशी मुलांना भरतीचं गणितही शिकवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज अमावास्या, म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती, आणि साधारण सहा तासांनी सुकती. "अष्टमीला सहा!" मोठा मुलगा पटकन सांगतो. "म्हणजे दुपारी बाराला येऊ." मावशी मान हलवते. अष्टमीला भांग असतो, पाणी एवढं मागे हटतच नाही. हे खडक बघायचे तर उधाणाचेच दिवस धरायचे.

पलीकडे ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरली आहे. इवले खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं टिपतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पाऊल वाजलं की सगळे बिळात. धाकटा म्हणून श्वास रोखून बसला आहे. त्याला "चल पुढे" म्हणायचं मी कटाक्षाने टाळते. निसर्ग दाखवायला आपण मुलांना माथेरानला नेतो आणि तिथेही एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पळवतो. इथे तर रिक्षाने येता येतं, मोठ्यांनी फक्त थांबायचं असतं. फटींतून चिप्सची पाकिटं आणि तुटकी जाळी अडकली आहेत, तीही मुलं बघतात. बघू देत.

पाणी वळतं. मावशी पातेलं उचलते, आम्हालाही हाकारते.

वाटेत भाची थबकते. "खेकड्याला मोठा शंख सापडलाच नाही तर?" उत्तराची वाट न बघता ती खिसा उलटा करते. दोन अख्खे शंख परत खडकात ठेवते, फुटका तेवढा स्वतःला घेते.