संकटाहून भय मोठे होऊ नये

रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक संकटांचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच मृतांच्या आकड्याकडे जाते. तथापि अशा संकटाने समाजाची होणारी हानी त्या आकड्यात मावत नाही. सुरतकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील गाठीच्या प्लेगपाठोपाठ, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. देशभरातील मृतांची नोंद साठच्या आत राहिली. परंतु काही दिवसांतच लाखो लोकांनी हे शहर सोडले. यंत्रमाग आणि हिऱ्यांचे कारखाने थंडावले, अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली, टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. गावी परतलेल्या कामगारांकडे लोक संशयाने पाहू लागले. काही देशांनी भारताशी विमानवाहतूकही थांबविली.

असे का घडते? नदीचा पूर दिसतो, ओसरलेलाही दिसतो. जंतू आणि किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाहीत; म्हणून प्रत्येक शेजारी संशयास्पद वाटू लागतो. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली एका सोडून दिलेल्या उपचारयंत्रातून किरणोत्सारी सीझियम बाहेर पडले. १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली; किरणोत्सारी द्रव्याचा संसर्ग आढळला २४९ जणांना आणि मृत्यू पावले ४. तरीही त्या भागातील माल घेण्यास दूरचे ग्राहक कचरू लागले.

भयावर सक्ती हा उपाय नव्हे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सैनिक घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोक रुग्णांना लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या उपचारकेंद्रात नेले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीपुढे दार बंद होते. विश्वासापुढे ते उघडते.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अशा संकटाचा आणि त्यावरील घाईच्या उपायांचा भार बालकांवर अधिक पडतो. वजनाच्या मानाने मूल अधिक हवा श्वासावाटे घेते, म्हणून विषारी वायूची मात्राही त्याच्या शरीरात अधिक जाते. आठ वर्षांखालील बालकास विनाकारण दिलेले टेट्रासायक्लिन त्याचे दात कायमचे डागाळू शकते. पळापळीत लसीकरण आणि चालू उपचार खंडित होतात, ते वेगळेच.

प्लेगनंतर, १९९५ पासून, महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सुरतेने स्वच्छतेत आपला कायापालट घडविला. परंतु धोके संपलेले नाहीत. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायन नाल्यात सोडल्याने निर्माण झालेल्या विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. काकरापारचे अणुवीजकेंद्रही आपल्यापासून फार दूर नाही.

अशा प्रसंगी प्रशासनाची सिद्धता आवश्यक आहेच. परंतु घाबरलेली माता प्रथम आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडेच धावते. म्हणून आपला दवाखाना उघडा असावा. जे ज्ञात आहे ते स्पष्ट सांगावे, जे अज्ञात आहे तेही प्रामाणिकपणे मान्य करावे. भयापोटी मागितलेले औषध लिहून देऊ नये, आणि रोगाला कोणत्याही वस्तीचे वा समाजाचे नाव चिकटू देऊ नये. सभासदांनी एवढे पथ्य पाळले, तरी पुढील संकटात शहर सोडून जाणाऱ्यांची संख्या निश्चितच घटेल.