घरगुती कार्यशाळेसाठी हवेचा कॉम्प्रेसर

जबलपूर येथे तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना १९०४ साली उभा राहिला आणि लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ साली. या कारखान्यांमुळे रांझीसारख्या वस्त्यांतून लोखंडकाम, रंगकाम आणि वाहनदुरुस्ती जाणणारे कामगार पिढ्यान्‌पिढ्या घडले. मोठ्या कारखान्यात दाबलेली हवा नळाच्या पाण्यासारखी हाताशी असते. ती कोठून येते, याचा विचार कामगाराला करावा लागत नाही. तोच कामगार निवृत्तीनंतर अंगणात पत्र्याची शेड घालून कपाटे रंगवू लागतो, किंवा आयटीआयमधून बाहेर पडलेला त्याचा मुलगा सायकली व मोटारसायकली दुरुस्त करू लागतो, तेव्हा ही हवा घरीच निर्माण करावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा घराची बरीच बचत गुंतते. निवड चुकली तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

कॉम्प्रेसरची रचना साधी असते. मोटरच्या बळावर दट्ट्या वरखाली होतो, बाहेरची हवा ओढून घेतो आणि टाकीत कोंबतो. टाकीतील दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला की मोटर आपोआप बंद पडते व दाब उतरला की पुन्हा सुरू होते. हा दाब आपल्याकडे पाउंडांत सांगतात. त्याचा अर्थ एक चौरस इंच जागेवर पडणारा भार. आपल्याभोवतीच्या मोकळ्या हवेचा दाब सुमारे १५ पाउंड असतो. म्हणून टाकीतील दाब दर १५ पाउंडांनी वाढला की तिच्यात टाकीच्या आकारमानाइतकी आणखी मोकळी हवा शिरली, असे मानण्यास हरकत नाही. हा एवढा हिशोब लक्षात ठेवला तर विक्रेत्याच्या निम्म्या बोलण्याची परीक्षा ग्राहकाला स्वतःच करता येते.

दुकानात ग्राहकाला तीन आकडे ठळकपणे दाखवले जातात: मोटरचे हॉर्सपॉवर, टाकीचे लिटर आणि कमाल दाब. खरा महत्त्वाचा आकडा चौथा असतो. यंत्र दर मिनिटाला प्रत्यक्ष किती घनफूट हवा बाहेर देते, हा तो आकडा. त्याला सीएफएम असेही म्हणतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.

समजा, एका रंगकाम करणाऱ्याने २४ लिटर टाकीचे छोटे यंत्र घेतले. ते मिनिटाला ३ घनफूट हवा देते आणि त्याच्या स्प्रे गनला मिनिटाला ६ घनफूट हवा लागते. टाकीतील दाब १२० पाउंडांवरून ६० पर्यंत उतरेतो चार वेळा २४, म्हणजे ९६ लिटर हवा मिळते. ती साडेतीन घनफूटही भरत नाही. मोटर सतत चालू धरली तरी दर मिनिटाला ३ घनफुटांची तूट पडतेच. म्हणून सव्वा मिनिटाच्या आत गनचा फवारा मंदावतो. कपाटाचे एक दार अर्धे रंगवून होते न होते तोच थांबावे लागते. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना तेवढ्या वेळात रंगाची कड सुकते आणि पुढचा हात मारला की जोड उघडा दिसतो. गिऱ्हाईक नेमके त्या जोडावर बोट ठेवते.

टाकी ५० लिटरची घेतली असती तर काय झाले असते? हवा सुमारे सव्वादोन मिनिटे पुरली असती, इतकेच. मोठी टाकी तूट पुढे ढकलते, भरून काढत नाही. अशा वेळी मोठ्या यंत्राचा खर्च झेपत नसेल तर उलट बाजूने विचार करावा: कमी हवेवर चालणारी, लहान तोंडाची गन घ्यावी आणि काम थोडे सावकाश करावे. केवळ टायरमध्ये हवा भरणे आणि धूळ झटकणे एवढेच काम असेल, तर एक हॉर्सपॉवरचे यंत्रही पुरेसे होते.

यंत्रावरील पट्टीत लिहिलेल्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. काही वेळा तो दट्ट्याने ओढलेल्या हवेचा असतो. बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी असते. याची परीक्षा हातातल्या घड्याळाने होते. टाकी पूर्ण रिकामी करून बाहेरची तोटी बंद करावी आणि काटा शून्यावरून ९० पाउंडांवर येण्यास लागणारा वेळ मोजावा. ५० लिटरच्या टाकीत तेवढ्यात सहा वेळा ५०, म्हणजे ३०० लिटर हवा भरते. साडेतीन मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला सुमारे ८६ लिटर, म्हणजे जेमतेम ३ घनफूट हवा देते. ही परीक्षा करू देण्यास जो विक्रेता तयार नसेल, त्याचे दुकान सोडलेले बरे.

तेलाविना चालणारी, मोटरला थेट जोडलेली यंत्रे वजनाने हलकी व बहुधा स्वस्त असतात. पण पुष्कळ आवाज करतात, लवकर तापतात आणि त्यांना मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. पट्ट्यावर चालणारे, तेल लागणारे यंत्र जड असले तरी संथ चालते व गावातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त होते. त्याच्या हवेतून तेलाचा अंश येतो आणि रंगावर बारीक खळगे पडतात. त्यासाठी नळीपूर्वी गाळणी बसवावी. रोज चार-सहा तास काम करणाऱ्याने जड यंत्रच पसंत करावे.

विजेचा विचार पैसे देण्यापूर्वी व्हावा. दोन हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे दीड किलोवॉट, आणि मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचला जातो. पंख्याच्या प्लगवर हे यंत्र चालवू नये. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

जुने यंत्र स्वस्तात मिळते, पण त्यात खरी जोखीम टाकीची असते, कारण टाकी आतून गंजते. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा दाबून एक अष्टमांश जागेत बसवली आणि ती पुन्हा थंड झाली की त्या जागेत जेमतेम ४ ग्रॅम बाष्प मावते. उरलेल्या २० ग्रॅमचे पाणी होते. जुलै-ऑगस्टमध्ये मिनिटाला ३ घनफूट हवा देणारे यंत्र तासभर चालले तर कपभर पाणी टाकीत साचते. म्हणून रोज काम संपल्यावर दाब उतरवून तळाची तोटी उघडावी. बाहेर येणारे पाणी तांबूस असेल तर गंज चढू लागला आहे, असे समजावे. टाकीवर ठिगळ किंवा नव्या वेल्डिंगचा टाका दिसला तर ते यंत्र फुकटही घेऊ नये. गॅसच्या जुन्या सिलिंडरची टाकी करण्याचा प्रकारही तितकाच घातक आहे. अशी टाकी फुटते तेव्हा तिचे तुकडे शेडचा पत्रा फाडून बाहेर जातात. दाब मर्यादेबाहेर गेल्यास हवा सोडणारी सुरक्षा झडप महिन्यातून एकदा कडी ओढून पाहावी. ती अडकली असेल तर नवी बसवावी. तिच्या जागी बूच ठोकून काम चालवू नये.